मठाचे अवशेष आणि मातंगांची विहीर

सेमाडोहच्या माणसाला 'संरक्षित' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. सिपना नदीकाठचे हे गाव मेळघाटच्या जंगलात आहे. १९७४ साली मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला. तेव्हापासून येथे वाघ संरक्षित आहे, सागवान संरक्षित आहे. या जंगलात पिढ्यानपिढ्या राहणारा कोरकू मात्र आपण कोणत्या यादीत आहोत हे दरवेळी नव्याने विचारत असतो. या शतकाच्या आरंभी कोहा, कुंड, बोरी ही गावे जंगलाच्या गाभ्यातून उठवून खाली सपाटीवर वसवली गेली. राखायचे काय आणि उठवायचे कोणाला, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्याकडेच सत्ता असते. मेळघाटात हे पुस्तक न वाचता कळते.

याच डोंगररांगेत चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. तोही संरक्षित आहे. १४२५ साली अहमदशहा बहमनीने तो बांधला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो जिंकला, असे आपण इतिहासात शिकवतो. गडाचे नाव गवळ्यांवरून पडले असे सांगतात. नाव गवळ्यांचे राहिले आणि इतिहास मात्र सुलतानांचा व सेनापतींचा झाला. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने असे अवशेष राखले जातात. २०१० च्या दुरुस्तीने केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली. दगड राखला गेला हे चांगलेच झाले. परंतु दगडाबरोबर आठवण कोणाची राखली जाते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आपल्या लोकांना आठवण राखण्याची साधने कधी मिळाली नाहीत. माझ्या आजोबांच्या नावाचा एकच जुना कागद आमच्या घरात आहे आणि तो कर्जाचा आहे.

हा प्रश्न तपासून पाहायचा तर सेमाडोहहून घटांगमार्गे परतवाड्याला उतरावे आणि तेथून मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरला जावे. वऱ्हाडात मध्ययुगीन मठ म्हणून ज्याचे नाव प्रथम घ्यावे असे ठिकाण ते आहे. येथे तेराव्या शतकात गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राउळ, राहत होते. त्यांचे निवासस्थान राजमठ या नावाने ओळखले जाते. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांनी त्यांना गुरू मानले. चक्रधर मूळचे गुजरातचे. परंतु त्यांनी आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले आणि संस्कृत येत नसलेल्या बायाबापड्यांना ते कळले पाहिजे यावर त्यांच्या शिष्यपरंपरेने कटाक्ष ठेवला. चक्रधरांच्या पश्चात नागदेव, म्हाइंभट, महदाइसा ही मंडळी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेला आली. येथे वाजेश्वरीच्या परिसरात १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. महदाइसेने धवळे रचले ते याच गावात. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर, १२८८ च्या सुमारास, त्यांचेही चरित्र लिहिले गेले. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आणि मराठीतील आद्य कवयित्री या दोन्हींचा संबंध या एका मठाच्या परिसराशी आहे.

तो मूळ मठ मात्र आज जसाच्या तसा उभा नाही. येथे आपल्याला ओटे आणि मंदिरे दिसतात, आणि वंदनासाठी आलेले भिक्षू व वासनिक दिसतात. गाविलगडावर उभ्या भिंती पाहून आलेल्या माणसाला वाटेल की अवशेष म्हणावे असे येथे फारसे काही नाही. पण हा मठ कसा टिकला हे समजून घेण्यासाठी दूरच्या एका मठाशी त्याची तुलना उपयोगी पडते.

इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये फाउंटन्स नावाचा ख्रिस्ती मठ आहे. तो ११३२ साली स्थापन झाला. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात देशातील सारे मठ बंद केले. त्यात १५३९ साली फाउंटन्सही बंद पडला. छपरांचे शिसे उतरवून विकले गेले आणि देशभरच्या मठांतील ग्रंथसंग्रह उधळले गेले. भिंती मात्र उरल्या. आज ते अवशेष कायद्याने संरक्षित आहेत आणि १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तेथे दगड राहिला, ग्रंथ गेले. रिद्धपुरास उलट झाले. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या फौजांच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांनी ते पुन्हा उभे केले. हिराइसा नावाच्या साध्वीची स्मरणशक्ती त्या कामी आली असे परंपरा सांगते. पुढे पंथाने सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्या केल्या. भिक्षूंनी झोळीतून पोथ्या पंजाबपर्यंत नेल्या. भिंती पडल्या तरी ग्रंथ वाचले.

फाउंटन्सच्या अवशेषांतली आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या मठात दोन प्रकारचे लोक राहत. एक प्रार्थना आणि वाचन करणारे संन्यासी. दुसरे शेती, मेंढरे आणि दगडकाम सांभाळणारे कष्टकरी बंधू. हे बहुधा निरक्षर असत, त्यांची जेवणाची जागा वेगळी, झोपायची जागा वेगळी, आणि त्यांना वरच्या वर्गात जाता येत नसे. ईश्वराच्या घरातही श्रमाची पंगत वेगळी बसत होती. पण पश्चिमेकडची त्यांची प्रचंड इमारत, सुमारे तीनशे फूट लांबीची, आजही उभी आहे. त्या मठाचा इतिहास सांगणाऱ्याला कष्टकऱ्यांचे दालन ओलांडून पुढे जाता येत नाही. मग आमच्या मठाच्या अवशेषांत कष्टकऱ्यांचे दालन कोठे आहे?

ते दगडात सापडत नाही, ग्रंथात सापडते. त्यासाठी आधी महानुभावांची अवशेष राखण्याची रीत समजून घेतली पाहिजे. महानुभाव मूर्तिपूजा मानत नाहीत. चक्रधर जेथे बसले, जेथे निजले, जेथे जेवले, त्या जागेवर ते ओटा बांधतात आणि त्या ओट्याला वंदन करतात. अशा जागेला ते स्थान म्हणतात. चौदाव्या शतकात या स्थानांची 'स्थानपोथी' तयार झाली. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, दार कोणत्या दिशेला, कोठून किती अंतरावर, अशा नोंदी तिच्यात आहेत. भारतातील सरकारी पुरातत्त्व खाते १८६१ साली निघाले. त्याच्या सुमारे पाचशे वर्षे आधी मराठी भिक्षूंनी गावोगाव फिरून वास्तूंची नोंदवही तयार केली होती. आज नाहीशी झालेली कितीतरी देवळे या पोथीमुळे इतिहासाला माहीत आहेत. डॉ. वि. भि. कोलते यांनी 'स्थानपोथी' आणि 'गोविंदप्रभुचरित्र' या दोन्ही ग्रंथांचे संपादन करून ते आपल्यापुढे ठेवले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

या नोंदवहीचा पाया कोणता आहे? स्पर्श. ज्या दगडाला प्रभूंचा स्पर्श झाला तो दगड वंदनीय. त्याचा तुकडासुद्धा भक्त जपून ठेवतो. येथे आपल्यासारख्या वाचकाने क्षणभर थांबावे. ज्या समाजात माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटत होता, त्याच समाजात, त्याच शतकात, स्पर्शाने दगड पवित्र होत होता. स्पर्शात शक्ती असते ही कल्पना दोघांचीही. एकाने ती माणसाला गावाबाहेर ठेवण्यासाठी वापरली आणि दुसऱ्याने दगडाला गावात मान देण्यासाठी. मग ज्या पुरुषाच्या स्पर्शाने दगड पवित्र झाला, त्याने अस्पृश्याला स्पर्श केला तेव्हा काय झाले?

'गोविंदप्रभुचरित्रा'त या प्रश्नाचे उत्तर आहे. गोविंदप्रभू जन्माने ब्राह्मण. आईबाप लहानपणीच गेले आणि नातेवाइकांनी त्यांना रिद्धपुरास वाढवले. लोकांना ते वेडे वाटत. ते हसत, रुसत, वाटेल त्या घरी जाऊन वाटेल ते खात. या भटकंतीत ते महारामांगांच्या घरी जात आणि तेथून ब्राह्मणांच्या घरी येत. गावातील उच्चवर्णीयांची त्यावर तक्रार होती. तक्रार वेडाबद्दल नव्हती. वेडा कितीही हसला, कितीही ओरडला तरी गावाला चालतो. गावाला चालत नव्हते ते वेड्याने सीमा ओलांडणे. गावात किती घरे होती हे सांगणारे ग्रंथ पुष्कळ सापडतील, परंतु गावकुसाबाहेरच्या घरात जाऊन परत आलेल्या माणसामागे गाव कसे अस्वस्थ होते हे त्या काळच्या मराठीत नोंदवणारा ग्रंथ दुर्मिळ आहे.

याच चरित्रात विहिरीची लीळा आहे. मातंगांना पाण्याची टंचाई होती. ते गोविंदप्रभूंकडे गाऱ्हाणे घेऊन आले. प्रभूंनी जागा दाखवली. तेथे खणल्यावर पाणी लागले. लीळा एवढीच. पंथाचा भक्त हिच्यात ईश्वराचे सामर्थ्य पाहतो आणि त्याला तसे पाहण्याचा अधिकार आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र चमत्कार बाजूला ठेवून गाऱ्हाणे वाचावे. ज्या गावात मठ आहे, देवळे आहेत, वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांची घरे आहेत, त्या गावात एका जातीला पाण्यासाठी एका वेड्या समजल्या जाणाऱ्या साधूच्या दारात का जावे लागते? गावात विहिरी नव्हत्या म्हणून? वऱ्हाडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते हे खरे, पण तहान जातीजातीने लागत नाही. गाऱ्हाणे एका जातीचे होते याचा अर्थ टंचाई पाण्याची नव्हती, पाण्यावरच्या हक्काची होती. पाणवठ्यावरची अस्पृश्यता तेराव्या शतकातल्या वऱ्हाडात कशी दिसत होती, याचा हा मराठी पुरावा आहे. आमच्या पूर्वजांची तहान या मठाच्या ग्रंथात नोंदली गेली आहे. फाउंटन्सचे ते तीनशे फुटी दालन आमच्यासाठी या एका लीळेत उभे आहे.

परंतु पुरावा सापडला म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. आमच्यातले काही लेखक अलीकडे महानुभावांना थेट समतेच्या लढ्याचे आद्य सैनिक ठरवून मोकळे होतात. तसे करणे हा इतिहासावर आणि महानुभावांवरही अन्याय आहे. विहीर मिळाली ती मातंगांची. ती त्यांना स्वतंत्र मिळाली. गावचा पाणवठा होता तसाच राहिला. गोविंदप्रभूंनी करुणा दाखवली, आणि त्या काळात ती दाखवायला मोठे धैर्य किंवा मोठे वेड लागत होते यात शंका नाही. पण करुणेने जे मिळते ते देणाऱ्याच्या हयातीपुरते असते. हक्काने जे मिळते त्याला देणारा लागत नाही. चक्रधरांनी विटाळ मानला नाही, स्त्रियांना संन्यास दिला, भिक्षा मागताना वर्ण पाहू नये असे शिकवले. तरीही पहिल्या पिढीचे जे धुरीण आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, नागदेव, म्हाइंभट, महदाइसा, केशोबास, ते ब्राह्मणच होते. लेखणी त्यांच्या हातात होती. मातंग ग्रंथात आले ते जातीच्या नावाने, गाऱ्हाण्यापुरते आले, पाणी घेऊन गेले.

पुढच्या शतकातला चोखामेळा आठवावा. परंपरा त्याचा जन्म बुलढाण्यातील मेहुणाराजा येथे मानते, म्हणजे तोही आमच्या वऱ्हाडचा. त्याची समाधी पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीशी आहे. भक्तीने त्याला पायरीपर्यंत नेले, आत नेले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली गांधीजींना उत्तर देताना संतांच्या शिकवणीवर नेमके हेच बोट ठेवले होते. ईश्वरापुढे सारे समान हे संतांनी सांगितले, माणूस माणसासमोर समान आहे हे सांगितले नाही. पहिल्या वाक्याने कोणाचीही विहीर बाटत नाही. दुसऱ्याने बाटते, आणि म्हणूनच ते म्हणायला महाड घडावे लागले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते रिद्धपूरच्या विहिरीशेजारी ठेवून पाहावे. महाडला कोणी वेगळी विहीर मागितली नाही. मागितली असती तर कदाचित मिळालीही असती, आणि प्रश्न मिटला असे सर्वांनी म्हटले असते. तेथे हजारो माणसे सार्वजनिक तळ्याकडे चालत गेली आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतले. त्या पाण्यावरचा दावा पुढे न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने संपला. त्याच १९२७ सालच्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. रिद्धपूर त्याच जिल्ह्यात आहे. एका जिल्ह्याच्या मातीत पाण्याचे गाऱ्हाणे आणि प्रवेशाचा हक्क यांच्यामध्ये सुमारे साडेसहाशे वर्षांचे अंतर पडले. हे अंतर ज्या समाजव्यवस्थेने पाडले तिचा हिशेब गोविंदप्रभूंच्या नावावर लिहू नये. तसेच त्यांच्या एका विहिरीने तो फिटला असेही म्हणू नये.

महानुभावांना त्या विहिरीची किंमतही मोजावी लागली असे वाटण्याजोगी एक गोष्ट आहे. शतकानुशतके पंथाबद्दल विपर्यास पसरवला गेला. मराठीत 'मानभावी' हा शब्द ढोंगी या अर्थाने रूढ झाला. पंथाच्या मूळ पुरुषाने मांग स्त्री ठेवली, तिच्या मुलांना लोक 'मांगभाव' म्हणू लागले आणि त्यावरून मानभाव हे नाव आले, अशी कथा विरोधकांनी रचली. ती १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातींवरच्या ग्रंथातही शिरली. पंथीयांनी तिचा प्रतिवाद केला तो योग्यच होता, कारण कथा खोटी आहे. पण शिवीची रचना पाहा. एका पंथाला बदनाम करायचे तर त्याला मांगाचे नाव चिकटवायचे! शिवी पंथाला दिली, लागली ती आम्हाला. प्रतिवाद करताना 'आमचा मांगांशी संबंध नाही' एवढेच सांगितले गेले तर शिवी देणाऱ्याचे म्हणणे अर्धे मान्य केल्यासारखे होते. 'आमच्या आद्यगुरूंनी मातंगांना पाणी दाखवले, त्यांच्या घरी ते जात होते, आणि त्याची आम्हाला लाज नाही' हे उत्तर पंथाच्या ग्रंथातच लिहिलेले आहे.

आज रिद्धपूरला पुन्हा बोलण्याची वेळ आली आहे. राज्याने तेथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आणि २०२४ पासून ते सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीचे जुनेपण सांगताना 'लीळाचरित्रा'चे नाव सर्वांच्या तोंडी असते. गावाला निधी मिळेल, रस्ते होतील, फरश्या बसतील, कमानी उभ्या राहतील. प्रत्येक विकासात एक फरशी अशी असते की तिच्याखाली काही गाडले जाते. राजमठ दाखवला जाईल, वाजेश्वरी दाखवली जाईल, आद्य गद्यकार आणि आद्य कवयित्री यांची नावे संगमरवरावर कोरली जातील. ते अवश्य व्हावे. प्रश्न एवढाच आहे की त्या नकाशात महारवाडा आणि मांगवाडा असेल काय? विहिरीची लीळा अभ्यासक्रमात असेल काय, की भाषेच्या व्याकरणापुरते हे चरित्र वाचले जाईल?

माझ्या वर्गात डोंगरावरून आलेली कोरकू मुले असतात. त्यांची मातृभाषा मराठी नाही, ती मुंडा कुळातली आहे. अभिजात मराठीचा अभिमान त्यांना शिकवताना मला दर वेळी शब्द तोलावे लागतात. एका मठाने संस्कृत सोडून सामान्यांच्या बोलीत ग्रंथ लिहिला, हे सांगितले की ती मुले कान देतात. कारण त्यातून निघणारा पुढचा प्रश्न त्यांचा असतो: मग आमच्या बोलीत का नाही? रिद्धपूरच्या परंपरेचा खरा वारस हा प्रश्न आहे. मराठीच्या मोठेपणासाठी ज्यांनी या परंपरेचा वापर करायचा आहे त्यांनी हा प्रश्नही ऐकून घेतला पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. अवशेषांचे संरक्षण करणाऱ्या सरकारने, विद्यापीठाने आणि पंथाच्या महंतांनी मिळून रिद्धपुरात मातंगांच्या विहिरीच्या लीळेचा फलक लावावा. फलकावर चमत्काराबरोबर गाऱ्हाणेही लिहावे: या गावात एका जातीला पाणी मिळत नव्हते. आणि शक्य झाल्यास फलक मराठीबरोबर कोरकूतही असावा. घटांगचा घाट उतरून येणाऱ्यालाही तो वाचता आला पाहिजे.